आठ तास न थांबणारी ९४४: कामं कोणत्या क्रमाने करावीत

प्रश्न थोडक्यात असा आहे: चौघा मित्रांनी मिळून १९८६ सालची पोर्शे ९४४ घेतली आहे. साधं २.५ लिटरचं आठ व्हॉल्व्हचं इंजिन, टर्बो नाही. गाडी बरीच वर्षं उभी होती. वर्षभरात हौशी एन्ड्युरन्स, म्हणजे तासन्‌तास चालणाऱ्या शर्यतीत उतरायचं आहे. सुरुवात कुठून करावी, टर्बोचं इंजिन बसवावं का, वजन किती उतरवावं आणि पहिली शर्यत किती तासांची निवडावी?

टर्बोचा विषय आधी संपवू, कारण त्याचं उत्तर एका हिशेबात आहे. समजा, तुमची एक फेरी १०० सेकंदांची आहे. ८ तासांत अशा २८८ फेऱ्या होतात. भरपूर खर्च करून, ताकद वाढवून दर फेरीला अख्खा एक सेकंद वाचवलात, तर शेवटी हातात पडतात २८८ सेकंद, म्हणजे पाच मिनिटंसुद्धा नाहीत. उलट एखादा रिले (विजेचा छोटा स्विच) गेला आणि नक्की काय गेलंय हे शोधत गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागेत, उभी राहिली, तर अर्धा तास सहज जातो. टर्बोबरोबर आणखी उष्णता येते, आणखी पाइप येतात, इंधन जास्त लागतं, म्हणजे थांबेही वाढतात. तेव्हा आहे तेच इंजिन ठेवा. सुमारे दीडशे हॉर्सपॉवर, मागच्या चाकांजवळ गिअरबॉक्स आणि त्यामुळे पुढे-मागे जवळजवळ समान वाटलं गेलेलं वजन, हीच या गाडीची मोठी देणगी आहे.

न थांबण्याचं मोल या गाडीचा इतिहासही सांगतो. ९४४ विक्रीला येण्याआधी, १९८१ साली, तिचं प्रायोगिक रूप ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत धावलं. वॉल्टर रोर्ल आणि युर्गन बार्थ या ड्रायव्हरांनी ते सातव्या क्रमांकावर आणलं. ती काही मैदानातली सर्वांत वेगवान गाडी नव्हती; पण पूर्ण धावलेल्या गाड्यांमध्ये पिटमध्ये सर्वांत कमी वेळ तिने घालवला होता. तुमच्या वर्षभराच्या कामाचं माप हेच ठेवा. प्रत्येक भागाकडे बघून विचारायचं: हा गेला तर गाडी किती मिनिटं उभी राहील? ज्याचं उत्तर सर्वांत मोठं, ते काम आधी. अपवाद फक्त सुरक्षेचा. ती या हिशेबात बसतच नाही, ती त्याच्या आधी येते.

म्हणून पहिलं काम पान्याने नव्हे, नियमावली वाचून करायचं. कोणत्या मालिकेत उतरणार हे ठरवा आणि तिची नियमावली चौघांनी वाचा. रोल केजच्या (गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवणाऱ्या नळ्यांच्या सांगाड्याच्या) नळीची जाडी, सीट आणि हार्नेसची (शर्यतीच्या सीटबेल्टची) मान्यता, टायर, इंधनाची टाकी, मेन स्विचची जागा या सगळ्यात मालिकेनुसार फरक असतो. उदाहरणार्थ, एफआयए या जागतिक मोटर संघटनेच्या नियमांत मुख्य कमानीची नळी ४५ मिलिमीटर व्यासाची आणि २.५ मिलिमीटर जाडीची, किंवा ५० व्यासाची आणि २ जाडीची लागते. पायाशी निदान ३ मिलिमीटर जाडीची आणि १२० चौरस सेंटिमीटरची पट्टी पत्र्याला जोडायची असते. काही हौशी मालिका गाडीच्या वजनावरून वेगळे आकडे देतात. केज एकदा वेल्ड झाला की बदलत नाही, म्हणून आकडा आधी पक्का हवा. आणि केज अशाच वेल्डरकडून करून घ्या ज्याने शर्यतीचे केज केलेले आहेत आणि ज्याचे केज तपासणीत पास झालेले आहेत. इतर कामांत घरच्या घरी शिकत जायला माझी हरकत नाही, इथे आहे.

केज बसण्याआधी गाडी आतून पूर्ण रिकामी करा. कार्पेट, मागची सीट, अस्तर, एसीची पेटी, सगळं बाहेर. मजल्याच्या पत्र्यावर आवाज दाबण्यासाठी दिलेला डांबरी थर असतो. त्यावर कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) पसरला की तो कडक होतो आणि हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी सुटतो. हातमोजे घाला आणि दारं उघडी ठेवा, कारण बंद जागेत त्याचा वायू साचतो आणि जीव गुदमरतो. पत्रा उघडा झाला की गंज दिसेल. या गाड्यांत बॅटरीखालचा पत्रा गंजून पाणी आत झिरपणं नेहमीचं आहे. तो आत्ताच कापून नवा लावा. डॅशबोर्डमागचं वायरिंगही याच टप्प्यावर साफ करा. केजच्या नळ्या आल्यावर तिथे हात जात नाही.

सीट एकाच तुकड्याची बंद कवचाची घ्या आणि ती सर्वांत उंच ड्रायव्हरच्या मापाची घ्या. बाकीच्यांसाठी फोम ओतून त्यांच्या पाठीच्या आकाराचे इन्सर्ट बनवा. सरकत्या रुळांपेक्षा हे मला जास्त पटतं, कारण रूळ म्हणजे सीटखाली आणखी एक कमकुवत जोड. हार्नेसचे खांद्याचे पट्टे मागे जाताना जवळजवळ आडवे हवेत. आडव्या रेषेच्या खाली १० अंशांपर्यंत उतार चांगला. ते खाली मजल्याला बांधले तर धडकेत मणका दाबला जातो. मान वाचवणारं हान्स किंवा त्या जातीचं साधन चौघांनाही लागेल. हार्नेस, सीट, हेल्मेट यांना मुदत असते, आणि जुनी घेतलेली स्वस्त वस्तू तपासणीच्या टेबलावर नापास झाली की शर्यतच हातची जाते. हे सगळं बसलं की हेल्मेट-हातमोज्यांसह गाडीतून बाहेर पडण्याचा सराव करा. डोळे मिटूनसुद्धा. धुरात दिसत नाही.

आग हा या गाडीचा विशेष विषय आहे. इंजिनाच्या कप्प्यात इंधन नेणारे आणि परत आणणारे रबरी पाइप धातूच्या टोकांवर दाबून बसवलेले असतात. वयाने ते कडक होतात, टोकाशी भेगा पडतात आणि दाबाखालचं पेट्रोल गरम एक्झॉस्टच्या आसपास उडतं. ९४४ जळण्याचं हे नेहमीचं कारण आहे. पाइप बाहेरून बरे दिसतात म्हणून ठेवू नका. टाकीपासून इंजेक्टरपर्यंतचं प्रत्येक रबर नवं घाला, इंजेक्टरच्या ओ-रिंगांसकट. फायरवॉलला (इंजिन आणि ड्रायव्हर यांच्या मधल्या पत्र्याला) जितकी भोकं आहेत तितकी पत्र्याने बंद करा. अग्निशामक यंत्रणेचं एक तोंड इंजिनाकडे, दुसरं ड्रायव्हरकडे. मेन स्विच घेताना एक गोष्ट पाहा: त्याने बॅटरीबरोबर अल्टरनेटरही तोडला पाहिजे. नुसती बॅटरी तोडली तर चालू इंजिन अल्टरनेटरच्या विजेवर धावत राहतं, आणि इंधनाचा पंपही.

इथपर्यंत सुरक्षा. आता इंजिन.

उभी राहिलेली गाडी थेट चालू करू नका. जुनं पेट्रोल काढा, टाकीतली जाळी धुवा, फिल्टर नवा लावा, इंजेक्टर साफ करायला द्या. मग प्लग काढून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आणि लीक-डाउन (त्यातून हवा किती गळते) तपासा. चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ असतील तर इंजिन उघडायची गरज नाही. या ब्लॉकमध्ये वेगळे लाइनर नसतात. सिलिकॉन मिसळलेल्या ॲल्युमिनियममध्येच सिलिंडर कोरलेले असतात, आणि त्यांना नेहमीचं होनिंग (आतून घासून गुळगुळीत करणं) चालत नाही. चांगलं असलेलं इंजिन केवळ हौसेखातर उघडणं म्हणजे नवा धोका ओढवून घेणं आहे. अपवाद दोन, आणि दोन्ही सक्तीचे.

पहिला अपवाद पट्ट्यांचा. टायमिंग बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि वाकतात. बॅलन्स शाफ्टचा पट्टा वेगळा असतो. तो सुटला तर टायमिंग बेल्टमध्ये अडकून त्यालाही घेऊन जाऊ शकतो. दोन्ही पट्टे, त्यांचे रोलर, वॉटर पंप आणि पुढची सगळी ऑइल सील एकदमच बदला. सील गळलं तर तेल पट्ट्यावर येतं आणि नवा पट्टाही टिकत नाही. ताण मोजायला पोर्शेचं पी ९२०१ हे साधन असतं. ते किंवा तशाच कामाचं दुसरं मिळवा, बोटाच्या अंदाजावर ठेवू नका. नवा पट्टा सुरुवातीला सैलावतो, म्हणून चाचणीच्या पहिल्या दिवसानंतर ताण पुन्हा बघायचा. काही जण ताकद वाचवायला बॅलन्स शाफ्ट काढून टाकतात. छोट्या शर्यतीत चालेल. पण मोठ्या चार सिलिंडरी इंजिनाचा थरथराट कमी करण्यासाठी पोर्शेने मित्सुबिशीकडून परवाना घेऊन ही रचना वापरली, आणि तोच थरथराट आठ तास सोसताना ब्रॅकेट तडकतात, बोल्ट ढिले होतात, वायरी तुटतात. शाफ्ट राहू द्या.

दुसरा अपवाद म्हणजे दोन नंबरच्या कनेक्टिंग रॉडचं (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग. ९४४ शर्यतीत मरते ती बहुतेक याच्यामुळे. लांब, वेगवान वळणात गाडी बराच वेळ एका बाजूला रेटली जाते. इंजिनाच्या तळाशी असलेल्या चेंबरमधलं तेल त्या बाजूला चढतं आणि पंपाच्या तोंडाशी तेलाऐवजी फेस येतो. क्रँकशाफ्टमधल्या तेलाच्या वाटा अशा आहेत की कमी पडलेल्या तेलाची झळ पहिल्यांदा दोन नंबरला लागते. रस्त्यावर असं वळण सेकंद-दोन सेकंदांचं असतं, त्यामुळे गाडी वर्षानुवर्षं चालते. ट्रॅकवर तेच वळण दर फेरीला येतं.

उपाय एक नाही, चार-पाच मिळून आहेत. चेंबर खाली उतरवून रॉडची बेअरिंगं नवी टाका. त्यासाठी पुढचा क्रॉसमेंबर सोडवावा लागतो, पण इंजिन बाहेर काढावं लागत नाही. बेअरिंगमधली फट प्लॅस्टिगेजने (दाबली की पसरणाऱ्या मऊ दोरीने) मोजा. चेंबर खाली आहेच, तर त्यात तेल अडवणारे पडदे बसवून घ्या. १५डब्ल्यू-५० किंवा २०डब्ल्यू-५० जातीचं जाड तेल भरा आणि पातळी कधीही वरच्या खुणेच्या खाली जाऊ देऊ नका. यावर माझ्या मते सर्वांत मोलाची भर म्हणजे अक्युसंप. हा दाबाखालच्या तेलाचा नळकांडा असतो. पंपाचा दाब पडला की तो क्षणात साठवलेलं तेल इंजिनात ढकलतो आणि दाब परत आला की पुन्हा भरून घेतो. इंजिन सुरू करण्याआधी त्याची झडप उघडली तर बेअरिंगं आधीच ओली होतात, हा वरचा फायदा.

दाबाचा काटा चालत्या गाडीत कोणी बघत नाही. बघेपर्यंत उशीरही झालेला असतो. म्हणून डोळ्यासमोर एक मोठा लाल दिवा लावा आणि २ बारच्या खाली दाब गेला की तो पेटेल असा स्विच बसवा. चारही ड्रायव्हरांनी एकच नियम पाळायचा: वळणात दिवा लुकलुकला तर पुढच्या फेरीत वेग कमी करून रेडिओवर सांगायचं, सरळ रस्त्यावर पेटलेला राहिला तर त्याच क्षणी इंजिन बंद करायचं. पिटपर्यंत नेऊन बघू, असं म्हणायचं नाही. शिवाय या इंजिनाची लाल रेषा ६५०० आरपीएमवर (मिनिटाला इंजिनाचे फेरे) आहे. तुम्ही ६००० च्या आत गिअर बदला. ट्रॅकच्या फेरीत सेकंदाचे थोडे दशांश जातील, बेअरिंगचं आयुष्य मात्र खूप वाढेल.

तेल थंड करण्यासाठी या इंजिनावर ब्लॉकच्या बाजूला पाण्यावर चालणारा कूलर आहे. त्याची सील म्हातारी झाली की तेल आणि पाणी मिसळतं आणि पाण्याच्या टाकीत दुधाळ तवंग दिसतो. सील आत्ताच बदला. तेलाचं तापमान दाखवणारा काटा गाडीत मुळात नाही, तो लावा. १३० अंशांच्या वर तेल टिकून राहत असेल तर बाहेर हवेवर चालणारा वेगळा कूलर बसवण्याशिवाय मार्ग नाही.

पाण्याची बाजू सोपी आहे, पण आळस चालत नाही. नवा रेडिएटर, नवा थर्मोस्टॅट, सगळे होज पाइप, टाकीचं नवं झाकण. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसतो. तो काढला की हवा मोकळी होते. मग रेडिएटरच्या कडेच्या सगळ्या फटी पत्र्याने किंवा फोमने बुजवा. हवा नेहमी सोपी वाट धरते, बाजूने निसटायला जागा मिळाली तर ती जाळीतून जाणार नाही. पाणी भरताना गाडीचं नाक वर उचला आणि इंजिनाच्या पुढच्या बाजूला असलेला एअर काढायचा छोटा स्क्रू उघडा, बुडबुडे थांबेपर्यंत. या गाडीत अडकलेली हवा म्हणजे तापलेला हेड. बऱ्याच ट्रॅकवर ग्लायकोलवालं कूलंट चालत नाही, कारण सांडलं की रस्ता निसरडा होतो. तिथे साधं डिस्टिल्ड पाणी आणि गंजरोधक घालायचं.

आता वीज. या भागाबद्दल मी थोडा हट्टी आहे, कारण हौशी संघांच्या गाड्या सर्वांत जास्त वेळ उभ्या राहतात त्या यासाठीच. ९४४ मध्ये डीएमई रिले नावाचा एक लहानसा डबा आहे. एकाच डब्यात दोन रिले; एक इंजिनाच्या कॉम्प्युटरला वीज देतो, दुसरा इंधनाच्या पंपाला. आतले सोल्डर वयाने आणि थरथराटाने तडकतात आणि चालती गाडी एकाएकी बंद पडते, जणू कोणी चावी फिरवली. नवा लावा आणि दुसरा नवा ड्रायव्हरच्या हाताला येईल असा आत चिकटवून ठेवा. ट्रॅकच्या कडेला ड्रायव्हर तो स्वतः बदलू शकला तर टो ट्रकची वाट बघावी लागत नाही.

दुसरी जागा म्हणजे क्लचच्या घराजवळचे दोन सेन्सर. एक फ्लायव्हीलचा वेग मोजतो, दुसरा तिची स्थिती सांगतो. त्यांचे प्लग उष्णतेने ठिसूळ होतात आणि हातात तुकडे येतात. दोन्ही सेन्सर नवे घालून फट ०.८ मिलिमीटर ठेवा. गाडी सुरू होईना झाली तर आधी एक साधी खूण बघा: स्टार्टर मारताना आरपीएमचा काटा जरा थरथरतो का? थरथरत असेल तर सेन्सरची बाजू बहुधा ठीक आहे, इंधनाकडे वळा. काटा मेलेला असेल तर सेन्सर किंवा रिले. ही खूण संघातल्या प्रत्येकाला माहीत हवी. इंजिनाच्या आणि बॅटरीच्या अर्थिंगच्या सगळ्या पट्ट्या काढून, घासून, नव्या बोल्टने लावा. जुन्या गाडीतले अनाकलनीय वाटणारे निम्मे दोष इथेच मिटतात.

क्लचबद्दल एकच सांगायचं आहे, पण ते महत्त्वाचं. जुन्या ९४४ च्या क्लच प्लेटच्या मधोमध धक्के गिळण्यासाठी रबर असतं. ते फाटलं की ताकद चाकांपर्यंत जात नाही. आणि क्लच बदलायला एक्झॉस्ट, गिअरबॉक्स आणि मधली टॉर्क ट्यूब (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी, आत शाफ्ट असलेली नळी) हे सगळं हलवावं लागतं. शर्यतीच्या ठिकाणी हे काम होत नाही, झालं तरी शर्यत संपलेली असते. प्लेट रबराची आहे असा नुसता संशय असला तरी आत्ताच स्प्रिंगवाली घाला. टॉर्क ट्यूबची बेअरिंगंही तेव्हाच हाताने फिरवून बघा. गिअरबॉक्सचं तेल बदला. ड्राइव्ह शाफ्टच्या सीव्ही जॉइंटचे बोल्ट टॉर्क पान्याने आवळून त्यावर रंगाची रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला हे लांबूनच कळतं. ते सैल होतात, हे गृहीत धरा.

ब्रेकचा प्रश्न उष्णतेचा आहे. ड्रायव्हर आणि इंधनासकट गाडी १३०० किलोंची धरा. ताशी १८० वरून ८० वर येताना ती सुमारे १३ लाख ज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये ओतते. चार लिटर थंड पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तेवढी, एका वळणासाठी. साध्या ९४४ ची डिस्क आणि एक पिस्टनची कॅलिपर हे सोसू शकतात, पण त्यांना वारा द्यावा लागतो. डिस्कच्या मागचे पत्रे काढा आणि पुढच्या बंपरमधून पाइप आणून वारा डिस्कच्या मधोमध सोडा. कडेवर सोडलात तर एकच बाजू गार होते आणि डिस्क वाकते. ब्रेक ऑइल कोरडं असताना डॉट ४ या प्रतीच्या किमान नियमानुसार २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण हवेतला ओलावा शोषून तीच मर्यादा १५५ पर्यंत उतरते. म्हणून ३०० अंशांच्या वर उकळणारं शर्यतीचं ऑइल घ्या आणि प्रत्येक शर्यतीच्या आदल्या दिवशी एअर काढा. पॅड एन्ड्युरन्सच्या मिश्रणाचे हवेत. शर्यत संपवून उभ्या केलेल्या गाडीला हँडब्रेक लावायचा नाही आणि ब्रेक पेडलवर पाय ठेवून थांबायचं नाही.

सस्पेन्शनवर खूप लिहिता येईल. पण मला काळजी आहे ती दोनच जागांची. १९८५ च्या मध्यापासून पुढचे लोअर आर्म (चाकाला खालून धरणारे दांडे) ॲल्युमिनियमचे आले आणि बॉल जॉइंट त्यातच घडवलेला. जॉइंट कडक झाला किंवा गाडी जास्त खाली बसवल्याने तो कोनात अडकला, तर त्याचा दांडा तुटतो आणि चाक मोकळं होतं. हे आर्म दुरुस्त केलेले किंवा नवे घ्या, आणि गाडी मोहापायी फार खाली बसवू नका. दुसरी जागा पुढच्या चाकांची बेअरिंगं. ती काढून, धुऊन, उष्णता सोसणाऱ्या ग्रीसने भरा. नट इतकाच आवळा की मागचा वाशर स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने, बोटाच्या जोराने जेमतेम सरकेल. चाकांचे मूळ नट ॲल्युमिनियमचे असतात. चाकं सतत काढ-घाल करायची असल्याने ते बाजूला ठेवून पोलादी वापरा, १३० न्यूटन-मीटरवर.

बहुतेक हौशी मालिकांत ट्रेडवेअर (टायर झिजायला किती वेळ घेतो याचा आकडा) १८० किंवा २०० च्या खालचे टायर चालत नाहीत. हे चांगलंच आहे, कारण तो टायर तासन्‌तास टिकतो. पुढे अडीच ते तीन अंशांचा निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला) द्या, टो (चाकांची टोकं आत-बाहेर वळलेली असणं) जवळजवळ शून्य, आणि गरम टायरचं तापमान आत, मध्ये, बाहेर अशा तीन ठिकाणी मोजून पुढचं ठरवा.

वजनाबद्दल तुम्ही विचारलंत. आतलं सगळं काढून झालंच आहे. एसीचा कॉम्प्रेसर आणि त्याचे पाइपही जातील. मागच्या दाराची मोठी काच जड असते आणि तिचा डिंक फ्रेममधून सुटतो. तिथे पॉलिकार्बोनेट लावलं तर वजनही जातं आणि तो त्रासही. पण काही गोष्टी मुळीच काढू नका. हीटरचा पंखा आणि काचेकडे जाणारा त्याचा मार्ग राहू द्या; पाऊस आला की आतून काच धुकटते आणि ड्रायव्हर आंधळा होतो. वायपर उत्तम हवेत. वर उघडणारे हेडलाइट रात्रीच्या शर्यतीसाठी लागणार असतील तर त्यांची मोटर तपासा, आणि हाताने उचलून पक्के करता येतील अशी सोय ठेवा.

इंधनाचं गणित आधीच मांडून ठेवा. १९८६ च्या गाडीची टाकी ८० लिटरची. शर्यतीच्या वेगात हे इंजिन ताशी २५ ते ३५ लिटर पितं, असं धरून चाला आणि चाचणीत मोजून तुमचा आकडा काढा. म्हणजे एका भरणीत दोन तास निघतात, आणि अनेक मालिकांत एका ड्रायव्हरची सलग मर्यादाही साधारण तेवढीच असते. मात्र टाकी तळाशी आल्यावर लांब वळणात पंपाला हवा मिळू लागते आणि इंजिन अडखळतं. किती लिटर शिल्लक असताना अडखळतं, हे चाचणीत मुद्दाम काढा. शर्यतीत तो आकडा तुमचा शून्य.

भरताना इंजिन बंद, ड्रायव्हर बाहेर, एक जण फक्त अग्निशामक धरून उभा, आणि भरणाऱ्याच्या अंगावर ड्रायव्हरसारखेच आगरोधक कपडे. मालिकेचे नियम यापेक्षा कडक असतील तर ते पाळा, सैल असतील तरी हेच पाळा. ड्रायव्हर बदलण्याचा सराव घराच्या अंगणात करता येतो. उतरणारा पट्टे सैल करून बाजूला अडकवतो, चढणाऱ्याचे पट्टे उतरणाराच आवळतो, मग रेडिओची आणि पाण्याची नळी जोडली जाते. ही घाई नव्हे, क्रम आहे. क्रम बसला की वेळ आपोआप कमी होतो. गाडीतली उष्णता कमी लेखू नका. पाणी पिण्याची सोय गाडीतच हवी, आणि शक्य असेल तर थंड पाणी फिरवणारा कूल शर्ट. तहानलेला ड्रायव्हर आधी ब्रेकचं ठिकाण चुकवतो, मग रेडिओवर उत्तर द्यायचं विसरतो. अशा वेळी त्याचे दोन तास पूर्ण व्हायची वाट बघू नका.

एवढं झालं की शर्यतीत नव्हे, चाचणीच्या दिवशी जा. पहिल्यांदा वीस मिनिटं, मग गाडी जॅकवर, सगळ्या रंगाच्या रेघा बघायच्या, गळती बघायची. मग भरलेल्या टाकीने सलग दोन तास. शर्यतीत पहिल्यांदाच दोन तास धावणारी गाडी तुम्हाला ठाऊकच नसलेल्या गोष्टी दाखवते, त्या इथे दिसू द्या. सगळं वहीत लिहा: तापमान, दाब, टायरची हवा, इंधन, कोण चालवत होता.

सुटे भाग नेताना मोह आवरा. गिअरबॉक्स किंवा इंजिन ट्रेलरवर लादून नेऊ नका; ते तिथे बसवून पुन्हा शर्यतीत परतणारे संघ फार थोडे. डीएमई रिले, दोन्ही सेन्सर, इंधनाचा पंप, अल्टरनेटर आणि त्याचा पट्टा, होज पाइप, एक पुढचं हब बेअरिंगसकट, एक लोअर आर्म, ब्रेक पॅड आणि डिस्क, क्लचचा स्लेव्ह सिलिंडर, द्रव पदार्थ, तार, टेप. यातली प्रत्येक वस्तू गॅरेजमध्ये एकदा स्वतः बदलून बघितलेली असावी, आणि तिला लागणारे पाने तिच्याच पिशवीत असावेत.

पहिल्या शर्यतीसाठी सात-आठ तासांची, दिवसाच्या उजेडात संपणारी शर्यत निवडा. २४ तासांचा मोह होतो, पण त्यात रात्र येते, झोप येते, दोन-तीन पट सुटे भाग आणि माणसं लागतात. चौघांपैकी सर्वांत शांत स्वभावाच्या ड्रायव्हरला पहिल्यांदा पाठवा, सर्वांत वेगवान असलेल्याला नव्हे. पहिल्या तासात मैदान भरलेलं असतं आणि सगळे उतावीळ असतात. चौघांनाही एक ठरावीक फेरीचा वेळ सांगा, प्रत्येकाच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा दोन-तीन सेकंद सावकाश, आणि तोच दोन तास राखायला सांगा.

गाडी परत आल्यावर त्याच आठवड्यात तेल काढा, फिल्टर कापून उघडा आणि त्याचा कागद उन्हात पसरून बघा. करडी धूळ नेहमीची. चमकणारे पापुद्रे दिसले तर चेंबर पुन्हा खाली उतरवा आणि दोन नंबरपासून बघायला सुरुवात करा.